परगावचा विद्यार्थी आणि विद्यापीठाची पायरी

विद्यापीठांच्या इतिहासात स्थापनेचा कायदा, कुलगुरूंची नामावली आणि पदवीदान समारंभातील भाषणे यांना मानाचे स्थान असते. परगावाहून आलेला विद्यार्थी रात्री कोठे निजला व दुपारी कोणाच्या घरी जेवला, याची नोंद त्यात सहसा सापडत नाही. तथापि महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर उच्च शिक्षणाचा खरा इतिहास ह्या दुसऱ्या नोंदीतच अधिक आहे. विद्यापीठाचा दरवाजा कायद्याने उघडतो हे खरे. परंतु त्या दरवाजापर्यंत जाऊन तेथे तीनचार वर्षे टिकून राहावयाचे, तर अन्न आणि निवारा यांची तजवीज कोणीतरी करावीच लागते. ती कोणी केली, कोणासाठी केली आणि कोणासाठी केली नाही, यावर पिढ्यांचे भवितव्य ठरत आले आहे.

मुंबई विद्यापीठाचा कायदा १८ जुलै १८५७ रोजी झाला. हे विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभारलेले असल्यामुळे त्याचे काम परीक्षा घेणे व पदव्या देणे एवढेच होते; शिकविण्याचे काम कॉलेजांचे. आणि कॉलेजे तरी किती? मराठी मुलखापुरती पाहिली तर नाव घेण्याजोगी मुंबईत एल्फिन्स्टन आणि पुण्यात, १८२१ च्या पाठशाळेतून वाढलेले, पूना कॉलेज. विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ साली झाली. त्या वेळी पुण्याहून मुंबईस जाणे हाही लहानसा पराक्रमच होता. पुण्याहून खंडाळ्यापर्यंत आगगाडी, तेथे उतरून बोरघाट पायी अथवा पालखीतून उतरावयाचा, आणि खाली खोपोलीच्या बाजूस पुन्हा आगगाडी धरावयाची. घाटातून गाडी धावू लागली ती १८६३ साली. कोकणातल्या मुलाला तर ह्या गाडीचाही उपयोग नव्हता; त्याची वाट समुद्रावरची.

असे असूनही १८६२ साली विद्यापीठाने जे पहिले चार बी. ए. निर्माण केले ते परगावच्या मुलांना वगळून नव्हेत. महादेव गोविंद रानडे यांचा जन्म निफाडचा, बालपण कोल्हापुरात गेलेले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर मालवणचे. भांडारकरांचे वडील महसूल खात्यात कारकून होते. त्यांची बदली रत्नागिरीस झाली आणि रत्नागिरीस इंग्रजी शाळा होती, म्हणून मुलाची इंग्रजीशी गाठ पडली. पुढे १८५३ साली तो मुंबईस एल्फिन्स्टनमध्ये आला. बदली दुसऱ्या एखाद्या लहान गावी झाली असती तर काय झाले असते, हा प्रश्न इतिहासाने विचारू नये असे म्हणतात. पण विचारल्यावाचून राहवत नाही. ह्या पहिल्या पिढीला सरकारी शिष्यवृत्तीचा मोठा आधार होता. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजी अमलात निराळ्या मार्गाला लागली, आणि तिच्यातून पुढे दक्षिणा फेलोशिप निघाली. जुन्या दानाने नव्या विद्येला पोसले, ही गोष्ट पाहण्यासारखी आहे. आणि ते दान मूळचे कोणासाठी होते हेही विसरण्यासारखे नाही.

रेल्वे आली, हायस्कुले निघाली. तरी अंतर एकदम तुटले नाही. मुरूडचे धोंडो केशव कर्वे सतरा वर्षांचे असताना पब्लिक सर्व्हिस परीक्षेसाठी साताऱ्यास निघाले, ते सोबत्यांबरोबर पायी. कुंभार्लीचा घाट चढून, चार दिवस चालून ते पोहोचले, तेव्हा परीक्षेच्या ठिकाणी अधिकाऱ्याने मुलाच्या अंगलटीकडे पाहून हा सतरा वर्षांचा दिसत नाही असा निर्णय दिला आणि त्याला परत पाठविले. दाखला पुढे केला तो कामी आला नाही. हीच व्यक्ती पुढे १८८१ साली वयाच्या तेविसाव्या वर्षी मॅट्रिक झाली आणि १८८४ साली मुंबईहून बी. ए. झाली. ज्या वयात शहरातला मुलगा पदवी घेऊन नोकरीला लागत असे, त्या वयात कोकणातला मुलगा नुकता उंबरठ्यावर पोहोचत असे. हुशारीतल्या फरकाशी ह्याचा काही संबंध नाही. ती वर्षे रस्त्यात गेली, उमेदवारीत गेली, पैसे जमविण्यात गेली.

गोपाळ गणेश आगरकरांची कथा महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते, परंतु ती बहुधा दारिद्र्याचा गौरव म्हणून सांगितली जाते. ती एका नकाशावर ठेवून पाहावी. जन्म १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी. थोडे शिक्षण कऱ्हाडास. मग पुढची इयत्ता तेथे नाही म्हणून मामलेदार कचेरीत उमेदवारी. मग शिकण्यासाठी पायी रत्नागिरी. तेथे जमेना म्हणून परत. आणि अखेर वऱ्हाडात नातेवाईक असल्यामुळे थेट अकोला. मॅट्रिक झाली ती तेथून, १८७५ साली. अकोल्यास विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारख्या शिक्षकाने पाठीवर हात ठेवला नसता तर पुण्याचे डेक्कन कॉलेज त्यांना दिसले नसते. कृष्णाकाठच्या ह्या मुलाला पुण्यास पोहोचण्यासाठी आधी कोकण आणि वऱ्हाड पालथे घालावे लागले. डेक्कन कॉलेजात त्यांच्याजवळ एकच सदरा होता, तो रात्री धुऊन वाळत घालावयाचा व सकाळी पुन्हा अंगात घालावयाचा, असे सांगतात. येरवड्याची ती देखणी दगडी इमारत १८६८ साली उभी राहिली होती. विद्यार्थी तेथेच राहत. नदी जवळ, वाचनाला निवांतपणा, गुरूंचा सहवास. पण तेथील राहणीचा खर्च एका सदऱ्याच्या मुलाच्या बेताचा नव्हता.

म्हणून २ जानेवारी १८८५ रोजी पुणे शहरात फर्ग्युसन कॉलेज निघाले, ह्या घटनेचे महत्त्व केवळ स्वावलंबी राष्ट्रीय शिक्षणाच्या दृष्टीने मोजणे अपुरे आहे. कॉलेज वस्तीत आले. वस्तीत आले म्हणजे परगावच्या मुलाला वाड्यातली एखादी काळोखी खोली चारजणांत मिळून घेता येऊ लागली आणि जेवणाची सोय गावात लावता येऊ लागली. १८९२ साली त्या कॉलेजाचे प्राचार्य झाले ते आगरकरच.

ही जेवणाची सोय म्हणजे काय, हे आजच्या घरांतील तरुण मंडळींना सांगावे लागेल. दोन प्रकार रूढ होते. एक माधुकरी : सकाळी झोळी घेऊन ठरलेल्या घरांपुढे उभे राहावयाचे आणि प्रत्येक घरचा थोडा थोडा शिजलेला घास गोळा करून आणावयाचा. दुसरा वार लावून जेवणे : सोमवारी ह्यांच्याकडे, मंगळवारी त्यांच्याकडे, अशी सात घरे जमवावयाची. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी चुरमुऱ्यांवर भागवावयाचे. ह्या चालीत मायाही होती आणि अपमानही होता. कोठे घरधनीण पोटच्या मुलासारखे वाढी. कोठे ताटाबरोबर दळण आणण्यापासून मुलांना शिकविण्यापर्यंतची कामे येत. काहीही असो, पुण्यातील कित्येक घरांच्या स्वयंपाकघरांनी पदवीधरांच्या दोनतीन पिढ्या वाढविल्या, हे निर्विवाद आहे.

परंतु येथेच विचार थांबवावा लागतो. माधुकरी कोणाला मिळत असे? वार कोणाचे लागत? ब्राह्मण मुलाचे. कुणब्याच्या, माळ्याच्या, धनगराच्या मुलाला त्या पंक्तीत पाट नव्हता, आणि महारा-मांगांच्या मुलाला तर त्या आळीत खोलीही मिळणे अशक्य होते. कॉलेजच्या प्रवेशाच्या नियमांत जातीची अट नव्हती. ती खाणावळीच्या उंबऱ्यावर होती. पुण्यापासून वीस कोसांवरच्या दोन खेड्यांतले, सारख्याच गरिबीचे, सारख्याच बुद्धीचे दोन मुलगे घेतले, तर एकाला पुणे वीस कोसांवर होते आणि दुसऱ्याला ते जवळजवळ विलायतेइतके लांब होते.

जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन ठेवले, त्यातील प्राथमिक शिक्षणाचा आग्रह सर्वांना ठाऊक आहे. त्याच निवेदनातील एक लहानसा मुद्दा मात्र फारसा उद्धृत होत नाही. मुंबई विद्यापीठ प्रवेश परीक्षेला खाजगी रीतीने अभ्यास केलेल्या मुलांना बसू देते, तशीच मुभा बी. ए., एम. ए. इत्यादि वरच्या परीक्षांनाही द्यावी, म्हणजे पुष्कळ तरुण घरी अभ्यास करून पदवी मिळवतील, अशी त्यांची मागणी होती. कॉलेजात जाऊन राहणे ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी काढलेली ही वाट होती. ती तेव्हा उघडली नाही. महाराष्ट्रात नाशिक येथे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झाले ते १९८९ साली, म्हणजे त्या निवेदनानंतर एकशे सात वर्षांनी.

दुसरी वाट होती ती मुलाला कॉलेजपर्यंत आणून तेथे पोसण्याची, आणि ती कोल्हापुरात निघाली. राजाराम कॉलेज तेथे १८८० सालीच झाले होते. शाहू महाराजांनी १८९६ साली सर्व जातींच्या मुलांसाठी म्हणून वसतिगृह काढले. परिणाम असा झाला की, दार सर्वांना उघडे असूनही आत जवळजवळ सर्व ब्राह्मण विद्यार्थीच राहिले. हा अनुभव महाराजांना फार शिकवून गेला असला पाहिजे. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच सुमारास जैनांचे. पुढे मुसलमान, लिंगायत आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस् क्लार्क वसतिगृह. पाहता पाहता कोल्हापूर हे बोर्डिंगांचे गाव झाले. जातवार वसतिगृहे काढून जातिभेद पक्का केला, असा आक्षेप त्यावर घेतला जातो, आणि तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु १९०१ साली एका पंक्तीचा आग्रह धरला असता तर पंक्तच बसली नसती, हेही ध्यानात घ्यावे. आधी पोटात अन्न, मग भिंती पाडणे, असा तो क्रम होता.

भिंत पाडणारा माणूस ह्याच बोर्डिंगांतून निघाला. भाऊराव पाटील हे कोल्हापुरास जैन बोर्डिंगात राहत. मिस् क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास गेल्याबद्दल त्यांना स्नान करून शुद्ध होण्यास सांगण्यात आले, ते त्यांनी नाकारले आणि बोर्डिंगातील जागा गमावली, असे सांगतात. १९१९ साली त्यांनी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली व १९२४ साली ती साताऱ्यास आणली. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत, एकाच पंक्तीस बसत. महात्मा गांधी १९२७ साली ते पाहून गेले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रसुद्धा, मोडले. वसतिगृहासाठी खेड्यापाड्यांतून धान्य गोळा केले जाई. मुले शेतात व इमारतीच्या बांधकामावर राबत. माधुकरी आणि ही कमाई यांत मोठे अंतर आहे. माधुकरी खाणारा मुलगा सात घरांचा ऋणी होता. येथला मुलगा स्वतः फोडलेल्या दगडांचा ऋणी होता. १९४७ साली साताऱ्यास शिवाजी कॉलेज निघाले, तेव्हा ह्या मुलांना पुण्यास जाण्याची गरजच उरली नाही. वसतिगृह आधी आणि कॉलेज मागाहून, असा हा उलटा क्रम. आणि तो उलटा होता म्हणूनच तो टिकला.

मुलींची गोष्ट निराळी होती. मुलीला माधुकरी मागता येत नव्हती, वार लावता येत नव्हते, आणि परक्या गावी चौघींत मिळून खोली घेण्याची तर कल्पनाही कोणी केली नसती. ज्यांना साताऱ्याहून परत फिरावे लागले होते त्याच कर्व्यांनी हिंगण्यास आधी विधवा मुलींना राहावयास जागा केली आणि मग १९१६ साली, मराठीतून शिकविणारे, महिला विद्यापीठ स्थापन केले. येथेही निवारा आधी.

मुंबई इलाख्याबाहेरच्या मराठी मुलखात नकाशा आणखी चमत्कारिक होता. नागपुरात हिस्लॉप कॉलेज १८८३ साली आणि मॉरिस कॉलेज १८८५ साली निघाले. ती जोडलेली होती कलकत्ता विद्यापीठाला, आणि पुढे अलाहाबादला. सीताबर्डीवर शिकलेला मुलगा बंगालचा पदवीधर म्हणून मिरवी. नागपूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले १९२३ साली. मराठवाड्याची अवस्था याहून कठीण. निजामाच्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, त्याचे माध्यम उर्दू. मराठवाड्याला औरंगाबादेस इंटरमीजिएट कॉलेज मिळाले. त्यापुढे शिकावयाचे तर हैद्राबाद गाठावयाचे, आणि तेही परक्या भाषेत. १९३८ च्या अखेरीस औरंगाबादच्या वसतिगृहात विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हटले; मनाई झाली, मुलांनी मानली नाही, आणि चळवळ हैद्राबादेपर्यंत पसरली. शेकडो विद्यार्थ्यांना कॉलेजातून व वसतिगृहांतून काढण्यात आले. नागपूर विद्यापीठाने त्यांपैकी पुष्कळांना प्रवेश दिला. वसतिगृहातली कॉट काढून घेणे ही शिक्षा किती परिणामकारक असते, हे त्या सरकारने बरोबर ओळखले होते.

ह्या मराठवाड्यातच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालय सुरू केले. स्वतः बाबासाहेबांचे शिक्षण झाले ते वडिलांनी साताऱ्याचे बिऱ्हाड मुंबईस हलविले म्हणून, आणि इंटरनंतर सयाजीराव गायकवाडांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली म्हणून; १९१२ साली ते एल्फिन्स्टनमधून बी. ए. झाले. असे योग प्रत्येकाच्या वाट्याला येत नाहीत, हे त्यांच्याइतके कोण जाणणार? १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढताना त्यांनी नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. औरंगाबादेस मात्र नोकऱ्या नव्हत्या, मुले खेड्यांतून येणार होती. तेथे वसतिगृहे बांधली. एकाच संस्थापकाने दोन गावांसाठी दोन निराळी उत्तरे काढली, ही दृष्टी शिक्षणाधिकाऱ्यांत क्वचित आढळते.

यानंतरचा काळ विद्यापीठे वाढण्याचा. पुणे विद्यापीठ १९४९ साली निघाले. त्याच्या कक्षेत तेव्हा बारा जिल्हे होते आणि कॉलेजे अवघी अठरा. मराठवाडा विद्यापीठ १९५८, शिवाजी विद्यापीठ १९६२, अमरावती १९८३, जळगाव १९९०, नांदेड १९९४, सोलापूर २००४, गोंडवाना २०११. गोव्याच्या मुलांना मुंबईची पदवी घ्यावी लागे. तेथे स्वतःचे विद्यापीठ झाले १९८५ साली. ह्या यादीत कोकण नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे आजही मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत आहेत. मालवणचा मुलगा आजही, भांडारकरांप्रमाणेच, मुंबईचा पदवीधर होतो. कॉलेज त्याला आता जवळ मिळते, ही सुधारणा लहान नव्हे. परंतु पदव्युत्तर वर्ग, प्रयोगशाळा आणि मोठे ग्रंथालय यांसाठी त्याची वळकटी अजून बांधावीच लागते.

आणि वळकटी बांधली की जुना प्रश्न पुन्हा पुढे उभा राहतो. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे वसतिगृहे रिकामी झाली आणि मुले गावोगाव परतली, तेव्हा व्याख्याने मोबाईलवर होऊ लागली. रेंज मिळावी म्हणून टेकडीवर जाऊन बसणाऱ्या मुलांच्या हकीकती वर्तमानपत्रांत आल्या. परीक्षा झाल्या, निकालही लागले. परंतु रसायनाची नळी मोबाईलवर हाती धरता येत नाही, आणि तासानंतर मास्तरांच्या मागोमाग व्हरांड्यात जाऊन विचारलेली शंका तर मुळीच नाही. एकोणिसाव्या शतकातले विद्यापीठ केवळ परीक्षा घेणारे होते. ते शिकविणारे व्हावे म्हणून तीन पिढ्या भांडल्या. तेथे परत जाणे कोणालाच आवडले नाही.

सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणासाठी रोख रक्कम देणारी स्वाधार योजना महाराष्ट्र सरकारने २०१६-१७ पासून चालविली आहे. शाहू महाराजांनी जे धान्याच्या रूपाने दिले ते आता बँकेच्या खात्यात येते. केव्हा येते, हा विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या तक्रारीचा विषय. गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीस आहे. त्याच जिल्ह्यातील सिरोंचा तेथून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. म्हणजे विद्यापीठ जिल्ह्यात आले तरी सिरोंच्याच्या मुलीला सकाळच्या तासाला घरून येणे शक्य नाही. तिला गडचिरोलीत खोली पाहावी लागते, आणि डब्याची सोय लावावी लागते.